बैलगाडीचा टेकू आणि ड्राइव्ह-इन थिएटर

मंडळी, टेबलावरची काठी बघून पुढच्या रांगेतल्या दोघांनी खुर्च्या मागं सरकवल्या. घाबरू नका. हा बैलगाडीचा टेकू आहे. बैल सोडले की गाडी पुढं वाकते, जू मातीत टेकतं. तसं होऊ नये म्हणून खाली लावायचा. शेतकऱ्याघरच्यांना हा जरा लांब वाटेल. नेहमीच्या टेकूपेक्षा हातभर जास्त आहे. का, ते सांगायलाच मी आलोय.

पत्रिकेत विषय छापलाय, 'ड्राइव्ह-इन थिएटर : उदय आणि अस्त'. सकाळी एकानं फोन करून विचारलं, ''काय बे, सोलापुरात हे कुणाला सांगणार? आपल्याकडं गिरणीला जाणारा माणूस सायकलवर. ड्राइव्ह-इन काढलं असतं तर सायकल स्टँड झाला असता.'' माझ्यापेक्षा वयानं मोठा आहे, त्याला बे म्हणायचा अधिकार आहे. पण मला राग कशाचा येतो सांगतो. गाडीत बसून सिनेमा बघायची कल्पना अमेरिकेची, असं आपण बिनतक्रार मान्य करून टाकलंय.

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात कॅम्डेन गाव आहे. तिथं रिचर्ड हॉलिंग्सहेड नावाचा गृहस्थ. सांगतात की त्यानं घराच्या अंगणात दोन झाडांना चादर बांधली (सोलापुरी नव्हे, हसू नका) आणि मोटारीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर ठेवला. अडचण एकच, पुढच्या मोटारीचं टप आड यायचं. मग त्यानं उतरती जमीन केली, प्रत्येक मोटारीची पुढची चाकं उंचावर. १६ मे १९३३ला पेटंट मिळालं, ६ जूनला थिएटर उघडलं. पुढची चाकं उंच, एवढीच काय ती शोधाची करामत!

आता आमच्या आज्जाकडं येतो.

मंगळवेढ्याकडचं आमचं गाव. चैत्रात यात्रा, आणि यात्रेत तंबूचा सिनेमा. मी तिसरी-चौथीत असेन. दिवसभर जीपवरून भोंगा ओरडत फिरायचा, संध्याकाळी डिझेल इंजिन धडधडायला लागलं की आमच्या पोटात कालवाकालव. प्रोजेक्टर एकच, रीळ संपलं की अंधार, शिट्ट्या, आणि त्या अंधारात शेंगा फोडल्याचा आवाज. त्या वर्षी वाऱ्यानं तंबूचं छत फाटलं. मालकानं छत उतरवून नुसती कनात ठेवली, म्हणाला, हवेशीर आहे! खरंच होतं. आपल्याकडच्या एप्रिलमध्ये तंबूत बसणं म्हणजे भाकरीनं तव्यावर बसणं.

आज्जानं काय केलं, तर कनातीच्या मागच्या अंगाला, पडद्याच्या पाठीशी, गाडी सोडली. बैल लांब बांधले. जुवाखाली हा लांब टेकू उभा केला. गाडीचं तोंड वर, शेपूट खाली. आत कडबा, कडब्यावर घोंगडं, घोंगड्यावर आम्ही सहा पोरं, रेलून. कनातीवरून अख्खा पडदा दिसायचा. पडदा पातळ कापडाचा, चित्र आरपार यायचं, फक्त उलटं.

थोड्या वेळानं मालक बॅटरी घेऊन आला. ''बाबा, तिकीट?'' आज्जा म्हणाला, ''तिकीट सरळ बघणाऱ्याला. आमच्याकडं सगळंच उलटं दिसतंय, तूच काहीतरी परत दे.'' मालक डोकं खाजवत राहिला. तेवढ्यात पडद्यावर बंदूक उडाली, आमचा एक बैल दावं तोडून पळाला, अन् सगळे त्याच्या मागं. मालकसुद्धा! बैल धरून आणल्यावर आज्जानं त्याला बसवून चटणी-भाकरी दिली. तिकिटाचा विषय तिथं संपला.

नायक डावखुरा होता, हे मी कित्येक वर्षं ठामपणे सांगत होतो. कॉलेजला सोलापुरात आलो, तोच सिनेमा थिएटरात पुन्हा लागला, आणि हा माणूस उजव्या हातानं तलवार चालवतोय! पैसे देऊन फसवलं गेल्यासारखं वाटलं.

तर गाडीचं तोंड वर करून सिनेमा बघणं, हे आज्जाला कुणी शिकवलं नव्हतं. आणि १९४९मध्ये अमेरिकेच्याच कोर्टानं ते पेटंट रद्द केलं. कारण काय, तर नाट्यगृहातली उतरती बैठक जगाला आधीपासून माहीत आहे, यात नवा शोध कसला! हे वाचलं त्या दिवशी मी घरी पेढे आणले. बायको म्हणाली, कुठली केस जिंकलात?

चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं. अजून अख्खा 'अस्त' बाकी आहे. पळवतो.

१९५८च्या सुमाराला अमेरिकेत चार हजारांच्या आसपास ड्राइव्ह-इन होती. मग घरोघरी टीव्ही आला, शहरं वाढली, गावाबाहेरची जमीन गावात आली आणि सिनेमापेक्षा प्लॉट महाग झाला. त्यात १९६६च्या कायद्यानं उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढं गेली. अंधार पडेपर्यंत रात्रीचे नऊ, पोरं झोपलेली. आपल्याकडं अहमदाबादला १९७३मध्ये मोठं ड्राइव्ह-इन झालं, वांद्र्यालाही होतं. वांद्र्याच्या जमिनीचं काय झालं ते सांगायला नको. गिरण्यांच्या जागांचं आपण बघितलंच आहे.

तंबूचं दुखणं तेच, क्रम वेगळा. १९८२च्या एशियाडपासून रंगीत टीव्ही, मग व्हिडिओ, मग केबल, शेवटी रिळंच बंद. आणि एक मुद्दा कुणी लिहीत नाही. आपल्या कितीतरी यात्रा पौर्णिमेला. चांदणं पडलं की उघड्या पडद्यावरचं चित्र जरा फिकं. धंद्याचा दिवस तोच आणि चित्र फिकं पडण्याचाही तोच! अमेरिकेत घड्याळ आडवं आलं, आपल्याकडं चंद्र. यावर मी पाच पानं काढलीत, पण…

हो, हो, थांबतो. पुढच्या कार्यक्रमाचे तबलजी दारात उभे आहेत. टेकू कुणाला हातात घेऊन बघायचा असेल तर या, पण जाताना टेबलावर ठेवा. मागं एके ठिकाणी नेला होता, तिथं कुणीतरी खिडकीला लावून ठेवला. परत आणायला तीन फेऱ्या झाल्या.