रामबागेतल्या गच्चीवर म्युऑन

(दृश्य: अंधारी गच्ची, टॉर्चचा उजेड)

इंदूर, रामबाग. रात्रीचे आठ. बाईंनी गच्चीवरचा दिवा मालवलाय.

माशांची जुनी काचेची टाकी उलटी घातली आहे. आत, वरच्या बाजूला, फेल्टची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलीचिंब. खाली काळा पत्रा, त्याखाली ड्राय आइस, उणे 78 अंश. तो बाईच उचलणार, चामडी हातमोजे घालून. मुलांनी हात लावायचा नाही. कडेच्या फटी चिकटपट्टीने बंद. वरची वाफ खाली येते, गारठते, आणि पत्र्यालगतचा थर जरा निमित्त मिळालं की थेंब धरायला टपून बसतो. हे क्लाउड चेंबर: आतून विद्युतभारित कण गेला की त्याच्या वाटेवर थेंबांची रेघ उमटते. पंधरा मिनिटं काही दिसत नाही. बाई टॉर्च आडवा धरून बसतात.

मग एक रेघ.

"बाई, हाच का?"

"नाही रे, आखूड आणि जाड, तो अल्फा कण. आपला बारीक येईल, लांब, सरळ."

आपला, म्हणजे म्युऑन नावाचा कण. अवकाशातले कण हवेवर आदळले की साधारण 15 किलोमीटर उंचीवर जन्मणारा. सरासरी आयुष्य 2.2 मायक्रोसेकंद. तेवढ्यात प्रकाशसुद्धा जेमतेम 660 मीटर जातो. राजवाड्याहून चालत निघालात तर दहा मिनिटांची वाट. तरीही आडव्या धरलेल्या तळहातावर सेकंदाला साधारण एक म्युऑन उतरतो.

(दृश्य: बाईंची वही, शेजारी शेजारी दोन आकृत्या)

वेग प्रकाशाच्या 99.8 टक्के धरा. गच्चीवरून मोजलं तर म्युऑनचं घड्याळ जवळजवळ 16 पट संथ चालतं, म्हणून तो टिकतो. हे कालविस्फारण. पण म्युऑनच्या लेखी त्याचं घड्याळ अगदी ठीक आहे, आयुष्यही तेवढंच. हवेचा थरच 16 पट आखडून किलोमीटरच्या आत आलाय. हे लांबीचं आकुंचन. मुलं इथेच अडतात: मग खरं कोणाचं? बाई दोन्ही हिशेब पुरे करायला लावतात. खाली किती पोचले, याचं उत्तर दोन्हीकडे एकच येतं. प्रवास एकच, मोजणारे दोन.

याच शहरात, राजा रामण्णा केंद्राच्या इंडस-2 या इलेक्ट्रॉन गोल फिरवणाऱ्या यंत्रात, धावत्या इलेक्ट्रॉनच्या लेखी चुंबकांमधलं अंतर जवळजवळ पाच हजार पट आखडतं.

(दृश्य: टाकी, अगदी जवळून)

आता बघा. डावीकडून.

बारीक. सरळ. या काचेपासून त्या काचेपर्यंत.

(निवेदन थांबते. मुलांचे आवाज.)