आखूड पिनेची करामत

[दृश्य: हँगर. इंजिनावरचं आवरण उतरवलेलं विमान.]

सेसना १७२. १९५६पासून जगभरचे वैमानिक याच विमानावर शिकत आलेत. व्हिडिओ निघतात ते त्यांच्या पहिल्या उड्डाणाचे. आपला कॅमेरा आज वायरिंग करणाऱ्यांच्या हातांवर.

बॅटरी उतरली, की इंजिन बाहेरच्या विजेवर सुरू करायचं. त्यासाठीचं सॉकेट डाव्या बाजूला, या छोट्या झडपेआड.

[दृश्य: सॉकेट, अगदी जवळून.]

दोन जाड पिना, एक बारीक. बारीक पीन मुद्दाम आखूड. प्लग पुरता बसल्याशिवाय ती टेकत नाही, आणि ती टेकल्याशिवाय कॉन्टॅक्टर, म्हणजे जाड वायरींची वीज जोडणारा विजेवर चालणारा स्विच, लागत नाही. प्लग काढतानाही आधी तीच सुटते. त्यामुळे जाड पिनांवर भार असताना जोड लागत नाही आणि तुटतही नाही. ज्याने कुणी हे योजलं, त्याला सलाम!

[दृश्य: बोटांच्या चिमटीत डायोड.]

बारीक पिनेच्या वायरीत हा डायोड, वीज एकाच दिशेने जाऊ देणारा. त्यावरची पट्टी कुठल्या बाजूला, ते जोडणारा बघतो, मग दुसऱ्यालाही बघायला लावतो. बाहेरून कुणी धन-ऋण उलटं जोडलं, तर कॉन्टॅक्टर हलणारच नाही. डायोड नसता, तर रेडिओसकट बरंच काही जळालं असतं.

[दृश्य: केबल सोलणं, लग, हायड्रॉलिक प्रेस.]

स्टार्टर शेकड्याने अँपिअर ओढतो, म्हणून केबल इतकी जाड. सोलताना आतली एकही तार कापली जाता कामा नये. केबलच्या टोकावर लग, म्हणजे जोडणीचं धातूचं टोक, चढवायचा, प्रेसने दाबायचा, वर श्रिंक ट्यूब, म्हणजे तापवली की आवळणारी नळी. सोल्डर इथे नको. सोल्डर जिथे झिरपतं तिथे तारा ताठरतात आणि इंजिनाच्या थरथरीने नेमक्या तिथेच तुटतात. आता लग धरून चांगला हिसडा. हलला नाही, पुढचं काम.

[दृश्य: छोटा फ्यूज, बॅटरीचा कॉन्टॅक्टर.]

बॅटरी पार मेली असेल, तर तिचा स्वतःचा कॉन्टॅक्टरही उचलत नाही. म्हणून बाहेरच्या विजेवरून ही फ्यूज घातलेली बारीक वाट काढलेली असते. मास्टर स्विच दाबला, की त्या वाटेने तो लागतो आणि बॅटरी चार्ज व्हायला लागते. अशी बॅटरी नीट चार्ज न करता उडणं धोक्याचं.

[दृश्य: मल्टिमीटर, मग झडपेवरची अक्षरं.]

मल्टिमीटर लावून एकेक वायर तपासली जाते. जुन्या १७२ बारा व्होल्टच्या, नंतरच्या चोवीसच्या. या विमानाच्या झडपेजवळ ठळक लिहिलंय: २८ व्होल्ट, डीसी. म्हणजे हे चोवीसवाल्यांतलं; बाहेरची वीज बॅटरीपेक्षा थोडी जास्त व्होल्टची. परवानाधारक इंजिनिअर कागदावर सही करतो. रेडिओ बंद आहेत ना, बघून प्लग लावला जातो.