शुगर घराण्यातली, म्हणून काय?

मंडळी, खानापूर असो, निपाणी असो की बेळगावातलं शहापूर, कुणाला शुगर निघाली की घरात लगेच कुणीतरी म्हणतं, "आमच्या घराण्यातच आहे." ते खोटं नाही. पण एवढं बोलून माणूस हात टेकतो, तेलमीठ तसंच चालू राहतं आणि मुलाबाळांची तपासणी राहूनच जाते. याचा मला मनापासून त्रास होतो.

सिकलसेल किंवा थॅलेसेमिया हे रक्ताचे आजार एकाच जनुकातल्या, म्हणजे आईवडिलांकडून येणाऱ्या शरीराच्या एकाच सूचनेतल्या, बिघाडाचे. तो बिघाड आई आणि वडील दोघांकडून आला की मूल आजारी पडतं. मामाच्या मुलीशी लग्न करायची चाल आपल्या भागात आहे, आणि नात्यातल्या लग्नांत अशा आजारांची शक्यता वाढते. सोयरीक ठरवताना एवढं ध्यानात ठेवा, त्यावर आज जास्त बोलत नाही.

मधुमेहाची गोष्ट निराळी. 25 लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून 2024 मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. टाइप 2 मधुमेहाशी संबंध असलेल्या आपल्या जनुकसंचातल्या 600 हून जास्त जागा त्यात सापडल्या. बहुतेकींचा वाटा अगदी थोडा. त्यातलं वजनदार जनुक म्हणजे टीसीएफ7एल2. आइसलँडमधल्या संशोधकांनी ते 2006 मध्ये दाखवलं, आणि पुढच्याच वर्षी पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि जनुकांवर काम करणाऱ्या संशोधन संस्थेचे डॉ. गिरिराज चांडक यांच्या गटाला ते भारतीय रुग्णांतही आढळलं. आता बघा, या जनुकाच्या दोन्ही प्रती, आईकडची आणि वडिलांकडची, धोक्याच्या निघाल्या तरी शक्यता वाढते ती साधारण दुपटीने. बाकीचं खाणंपिणं, वजन, अंगमेहनत, झोप यांवर अवलंबून. शिवाय यादीतली बरीच जनुकं स्वादुपिंडात इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींशी निगडित निघाली. म्हणजे आजार कुठून सुरू होतो, याचा माग लागला. या संशोधनाची खरी कमाई मला तीच वाटते.

अशा मागातून औषध कसं निघतं, ते सांगतो. फ्रान्समधल्या काही कुटुंबांत कोलेस्टेरॉल पिढ्यानपिढ्या फार वाढलेलं असे. 2003 मध्ये त्यांच्यात पीसीएसके9 या जनुकातला बदल सापडला. हे जनुक जास्त जोरात चाललं की यकृताला रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल उचलता येत नाही. मग अमेरिकेत डॅलसला हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांनी उलटा प्रश्न विचारला: हेच जनुक बंद पडलेली माणसं असतील का? ती निघाली, आणि धडधाकट निघाली! त्यांच्यातल्या कृष्णवर्णीय लोकांचं वाईट कोलेस्टेरॉल 28 टक्क्यांनी कमी होतं, आणि 15 वर्षांच्या पाहणीत त्यांना हृदयविकार 88 टक्क्यांनी कमी झाला. जन्मभर कोलेस्टेरॉल कमी राहिलं तर हृदय किती सुरक्षित राहतं, हे निसर्गानेच करून दाखवलं होतं. त्या जनुकाचं प्रथिन अडवणारी इंजेक्शनं 2015 मध्ये बाजारात आली. लाभ सगळ्यांना, जनुक कसंही असो.

आता आपल्याकडचं उदाहरण. हृदयाच्या स्नायूचं एक प्रथिन एमवायबीपीसी3 या जनुकावरून बनतं. त्यातली डीएनएची 25 अक्षरं गळालेली असली तर हृदयाचा स्नायू कमकुवत होण्याचा धोका वाढतो, असं 2009 मध्ये सीसीएमबीचेच डॉ. थंगराज आणि सहकाऱ्यांनी मांडलं. भारतात सुमारे 4 टक्के लोकांत हा बदल असतो, युरोपातल्या लोकांत तो जवळजवळ दिसतच नाही. नुसत्या युरोपातल्या नमुन्यांवर विसंबलो असतो तर हा बदल कुणाच्या नजरेलाही पडला नसता. म्हणून 10,000 भारतीयांचे जनुकसंच वाचणारा 'जीनोम इंडिया' प्रकल्प मला इतका महत्त्वाचा वाटतो. आणि म्हणूनच, घरबसल्या लाळ पाठवून "तुमचं भविष्य" सांगणाऱ्या महागड्या चाचण्यांवर पैसे घालू नका. त्यांचे बरेचसे हिशेब अजून परक्या लोकांवर बेतलेले आहेत.

तुमच्याकडे फुकटची एक चाचणी आहेच. आईवडील, काका, आत्या, मामा, मावशी यांच्यापैकी कुणाला कोणत्या वयात शुगर, बीपी किंवा हृदयाचा त्रास सुरू झाला, हे कागदावर लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. तिशीनंतर शुगर-बीपीची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. ज्यांच्या घरात आधीपासून आजार आहे, त्यांनी रांगेत सगळ्यांच्या पुढे असायला हवं.