निकाल आधी न ठरलेली शर्यत

मंडळी, मॉन्स्टर ट्रक म्हटलं की आपल्याला पोरांच्या खेळण्यातली ती भल्यामोठ्या चाकांची गाडी आठवते. अमेरिकेत ही गाडी खरोखरच आहे. ती स्टेडियममध्ये धावते, उड्या मारते, उलटते, आणि ती चालवणं हे अनेकांच्या पोटापाण्याचं साधन आहे. आज मला अशाच एका चालक बाईबद्दल बोलायचंय. तिचं नाव डेब्रा मिसेली. लोक तिला मदुसा म्हणून ओळखतात. पंधरा वर्षं कुस्तीच्या रिंगणात काढून झाल्यावर, वयाच्या पस्तिशीत ती या गाडीत बसली. सहा वर्षांनी तिने या खेळातली सगळ्यात मानाची शर्यत जिंकली.

खेळाडूच्या दुसऱ्या कारकिर्दीकडे आपण जरा दयेनेच बघतो. गुडघे गेले, वय झालं, मग काय, कॉमेंट्री करा, अकॅडमी काढा, खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी बघा. मदुसाच्या बाबतीत मला अगदी उलटं चित्र दिसतं. तिला जी स्पर्धा हवी होती ती पहिल्या धंद्यात तिच्या वाट्याला आलीच नाही, ती दुसऱ्यात आली, असं माझं म्हणणं आहे. ते पटवून द्यायचं तर आधी तिची कुस्ती समजून घ्यावी लागेल.

नव्वदच्या दशकात ज्यांनी डब्ल्यूडब्ल्यूएफ या अमेरिकन कुस्ती कंपनीचे पत्ते खेळलेत त्यांना ही कुस्ती नव्याने सांगायला नको. निकाल आधीच ठरलेला असतो. आपल्याकडे अशा कुस्तीला नुरा म्हणतात आणि नाक मुरडतात. पण निकाल ठरवलेला असला तरी पडणं खरं असतं. उचलून आपटल्यावर पाठीवर कसं पडायचं हे तिथे पहिल्यांदा शिकवतात. हनुवटी छातीला टेकवायची, श्वास सोडायचा, खांदे आणि तळहात एकाच क्षणी खाली आदळायचे, म्हणजे मार एका जागी बसत नाही, पाठभर पसरतो. यात जरा चूक झाली की मान जाते. ज्यांनी हे वर्षानुवर्षं केलं त्यांच्या मणक्याला विचारा, खोटं किती नि खरं किती.

मदुसाचा जन्म १९६४ चा, इटलीतल्या मिलानचा. वाढली अमेरिकेत मिनियापोलिसला. मुळात जिम्नॅस्टिक्स आणि मैदानी खेळ करणारी मुलगी. १९८४ च्या सुमारास एडी शार्की नावाच्या उस्तादाकडे कुस्ती शिकली आणि छोट्या छोट्या कार्यक्रमांतून लढू लागली. १९८७ च्या डिसेंबरात तिने एडब्ल्यूए या संघटनेचा महिलांचा किताब मिळवला. पुढच्या वर्षी एका नामांकित कुस्ती मासिकाने तिला वर्षातली सर्वोत्तम नवोदित ठरवलं, तो मान मिळालेली ती पहिली बाई. त्यानंतर ती जपानला गेली. हा भाग मला फार मोलाचा वाटतो. जपानमध्ये त्या काळी बायकांच्या कुस्तीची स्वतंत्र कंपनी होती, हॉल भरायचे, सामने दमसास पाहणारे असायचे, आणि बायकांची कुस्ती हाच तिथला मुख्य कार्यक्रम असायचा. अमेरिकेत तीच कुस्ती दोन पुरुषांच्या सामन्यांमधली विश्रांती होती. जपानमध्ये राहून आल्यावर हा फरक तिला किती टोचला असेल, याची कल्पना करा.

१९९३ मध्ये तिला डब्ल्यूडब्ल्यूएफने बोलावलं. मदुसा हे नाव तिने स्वतःच्या मालकीचं म्हणून नोंदवून ठेवलेलं होतं. कंपनीला त्या नावापोटी पैसे मोजायचे नव्हते. म्हणून तिला अलुंड्रा ब्लेझ हे नवं नाव देण्यात आलं. नाव कंपनीचं, निकाल कंपनीचा, किताबही कंपनीचा. तीन वेळा ती विजेती झाली. टोकियो डोममध्ये बुल नाकानो या जपानी कुस्तीगीर बाईशी लढली. आणि १९९५ च्या डिसेंबरात कंपनी पैशांच्या ओढाताणीत असताना तिला कामावरून कमी केलं. गंमत अशी की किताबाचा पट्टा अजून तिच्याकडेच होता. १८ डिसेंबर १९९५ ला ती प्रतिस्पर्धी डब्ल्यूसीडब्ल्यूच्या थेट प्रक्षेपणात आली आणि तो पट्टा तिने सगळ्यांच्या देखत कचऱ्याच्या डब्यात टाकला.

लोक तीस वर्षं त्या डब्याबद्दल बोलतायत. मला त्यानंतरची पावणेतीन वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. डब्ल्यूडब्ल्यूएफमध्ये महिलांचा तो किताब त्यानंतर थेट १९९८ च्या सप्टेंबरात पुन्हा सुरू झाला. मधली पावणेतीन वर्षं तो नव्हताच. एका कंपनीच्या मनात आलं आणि एक अख्खा गट बंद पडला. ज्या खेळात तुमचा गटच कुणी बंद करू शकतं, तिथे तुम्ही कितीही चांगलं लढलात तरी पायाखालची जमीन तुमची नसते.

१९९९ च्या डिसेंबरात डब्ल्यूसीडब्ल्यूने तिला हलक्या वजनाच्या पुरुषांचा किताब दिला. बाईला तो मिळाल्याची ती पहिलीच वेळ. कागदावर केवढी मोठी गोष्ट! महिन्याभरात तो तिच्याकडून काढून घेतला, आणि घेतला कोणी? कंपनीची कथानकं लिहिणाऱ्या मंडळींपैकी एकाने. लेखकाने लिहिलं आणि लेखकच जिंकला. यावर मी आणखी काय बोलू?

याच सुमारास डब्ल्यूसीडब्ल्यूने जाहिरातीसाठी आपल्या कुस्तीगीरांच्या नावाचे मॉन्स्टर ट्रक उतरवले होते. त्यातला एक मदुसाच्या नावाचा. इतरांच्या नावाच्या गाड्या व्यावसायिक ड्रायव्हर चालवायचे. ही मात्र १९९९ पासून स्वतः गाडीत बसली. ग्रेव्ह डिगर ही या खेळातली सगळ्यात लोकप्रिय गाडी, तिचा कर्ता डेनिस अँडरसन. त्याच्याकडून ती शिकली. २००१ मध्ये डब्ल्यूसीडब्ल्यू विकली गेली, गोल्डबर्ग या कुस्तीगीराच्या गाडीवरचं त्याचं नाव गेलं, पण मदुसा हे नाव तिचं होतं आणि ते गाडीवर राहिलं. कुस्तीत बायकांना कपडे फाडण्याच्या सामन्यांत उतरवायचे दिवस आले होते. तिने कुस्ती सोडली.

आता जरा गाडीकडे येऊ, कारण तिने काय उचललं हे गाडी कळल्याशिवाय कळत नाही. ही कल्पना मिसुरीतल्या सेंट लुईसजवळच्या बॉब चँडलरची. त्याने सत्तरच्या दशकात आपल्या फोर्ड पिकअपला मोठी चाकं लावत लावत बिगफूट नावाची गाडी उभी केली आणि १९८१ मध्ये एका शेतात ती भंगार मोटारींवरून चालवून पाहिली. आजच्या गाडीचं वजन साडेपाच टनांच्या आसपास. टायर साडेपाच फूट उंच आणि साडेतीन फुटांहून रुंद. इंजिन दीड हजार अश्वशक्तीचं, मिथेनॉलवर चालणारं. वरची रंगीत बॉडी फायबरग्लासची, नुसता मुखवटा. खरी गाडी म्हणजे आतला लोखंडी पाइपांचा पिंजरा. त्या पिंजऱ्याच्या बरोबर मधोमध एकच सीट.

त्या सीटवर बसलेल्याला काय दिसतं? समोर फारसं काही नाही. म्हणून पायाखालची फरशी पारदर्शक प्लास्टिकची असते, आणि उतार कुठे संपतो ते दोन पायांच्या मधून बघायचं असतं. पुढची चाकं स्टीअरिंगने वळतात. मागची चाकंही वळतात, पण ती एका बटणाने, बहुतेक गाड्यांत उजव्या हाताशी असलेल्या. म्हणजे डावा हात पुढची चाकं वळवतोय, उजवा अंगठा मागची, पाय मिथेनॉल ओततोय, आणि हे सगळं मातीच्या ढिगावरून गाडी हवेत असताना. मागची चाकं जरा उशिरा सरळ केली तर खाली येताना गाडी तिरकी बसते आणि लोळते. नायट्रोजन भरलेले शॉक अॅब्सॉर्बर फूटदोन फूट दबतात, तरी उरलेला धक्का पाठीच्या कण्यालाच बसतो. ड्रायव्हर पाच पट्ट्यांनी आवळलेला असतो, मान हेल्मेटसकट अडकवलेली, अंगात आगीपासून वाचवणारा सूट. याशिवाय मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या अधिकाऱ्याच्या हातात एक रिमोट असतो. ड्रायव्हर बेशुद्ध पडला किंवा थ्रॉटल अडकला तर तो बाहेरून इंजिन बंद करतो. हे नियम उगीच आलेले नाहीत. २०१३ मध्ये मेक्सिकोत चिहुआहुआला एक मॉन्स्टर ट्रक थेट प्रेक्षकांत घुसला आणि अनेकांचे जीव गेले.

कुस्तीतलं काय तिच्या कामी आलं? मला वाटतं, आदळण्याची भीती मेलेली असणं हे पहिलं. नवशिका माणूस गाडी खाली येताना अंग आखडतो, श्वास धरतो. हिने पंधरा वर्षं नेमकं उलटं शिकलेलं. दुसरं म्हणजे प्रेक्षक. या खेळात दोन प्रकार असतात, शर्यत आणि फ्रीस्टाइल. फ्रीस्टाइलमध्ये ठरलेल्या वेळात जे जमेल ते करून दाखवायचं आणि त्याला गुण मिळतात. पन्नास हजार लोकांना कधी श्वास रोखायला लावायचा आणि कधी उभं करायचं, हे तिच्या रक्तात होतं. शर्यतीत मात्र यातलं काहीच उपयोगी पडत नाही. तिथे दोन गाड्या एकदम सुटतात, जी आधी रेषा ओलांडते ती पुढच्या फेरीत, दुसरी घरी. तिथे रिंगणातलं नाव आणि टाळ्या दोन्ही बाजूला राहतात. मागच्या चाकांचं ते बटण तिला शून्यापासून शिकावं लागलं, आणि तेही अशा वयात, जेव्हा तिच्या पिढीचे खेळाडू निवृत्तीच्या मुलाखती देत होते.

लास व्हेगासला सॅम बॉइड स्टेडियमवर या खेळाची वर्ल्ड फायनल्स भरायची. २००४ मध्ये तिथे फ्रीस्टाइलचं विजेतेपद तिला विभागून मिळालं. २००५ मध्ये ती शर्यत जिंकली. वय ४१. वर्ल्ड फायनल्सची शर्यत जिंकणारी पहिली बाई. इथे महिलांचा वेगळा गट नाही, वेगळा किताब नाही, म्हणून तो बंद पाडायची सोयही नाही. समोरच्या लेनमध्ये जो असेल त्याला हरवायचं. पुरुषांना हरवणं तिने आधीही केलं होतं, पण ते कुणीतरी तिच्यासाठी लिहून दिलेलं. या वेळी फक्त शेवटची रेषा होती. मला तिच्या सगळ्या पट्ट्यांपेक्षा ही एक शर्यत मोठी वाटते, आणि ती मोठी वाटायला कुस्तीतली तिची सगळी वर्षं माहीत असावी लागतात.

सगळेच या गाडीकडे असल्या कारणाने येत नाहीत. नॉर्थ कॅरोलायनाचा डेमन ब्रॅडशॉ मोटोक्रॉसमधून, म्हणजे मातीतल्या मोटरसायकल शर्यतींतून आला. स्टेडियममध्ये होणाऱ्या अशाच शर्यतींच्या, म्हणजे सुपरक्रॉसच्या, १९९२ च्या हंगामात त्याने नऊ शर्यती जिंकल्या, तरीही लॉस एंजलिसच्या शेवटच्या शर्यतीत गडबडला आणि अवघ्या तीन गुणांनी जेफ स्टँटनकडून किताब गमावला. १९९३ मध्ये, विशीच्या उंबरठ्यावरच, तो शर्यतींतून बाजूला झाला. नंतर परत आला, पण पूर्वीची गोडी दिसली नाही. पुढे तो एअर फोर्स आफ्टरबर्नर हा ट्रक चालवू लागला आणि त्यात बरीच वर्षं रमला. मदुसाला खरी चुरस हवी होती, ब्रॅडशॉचं चुरशीने पोट भरलं होतं असं मला वाटतं. तरीही दोघांना एकच गाडी मानवली.

जाता जाता आपल्या बाजूची एक गोष्ट सांगतो. पूर्वी हे टायर शेतात खत टाकणाऱ्या अवजड यंत्रांचे असायचे, आणि प्रत्येक संघ ते हाताने तासतासून हलके करायचा. आता मॉन्स्टर जॅम या मॉन्स्टर ट्रकच्या स्पर्धामालिकेतल्या गाड्यांना गेली दहा-बारा वर्षं जे टायर लागतात ते खास याच खेळासाठी बनवले जातात, आणि ते बनवते मुंबईत मुख्यालय असलेली बालकृष्ण इंडस्ट्रीज, म्हणजे बीकेटी. यांचा एक कारखाना आपल्या वाळूजला आहे. त्या टायरवरची तीन अक्षरं पुढच्या वेळी व्हिडिओत नीट बघा.

२०१५ मध्ये जुन्या कंपनीने मदुसाला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, तेही अलुंड्रा ब्लेझ या त्यांनी दिलेल्या नावाने. वीस वर्षांचा अबोला मिटला, चांगलं झालं. मला रस आहे तो तिच्यानंतर काय झालं यात. पुढे सिंथिया गोथिए, ब्रिॲना मेहॉन अशा बायका या गाड्या चालवू लागल्या. दोघीही मोटोक्रॉसमधून आलेल्या. इलिनॉयमधल्या पॅक्स्टनला टॉम मीन्ट्स या नावाजलेल्या ड्रायव्हरच्या जागेवर मॉन्स्टर जॅमचं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे नव्या ड्रायव्हरला घडवतात. मदुसाच्या वेळी असं काही नव्हतं. तुमच्यात कुणाची मुलगी कबड्डी, कुस्ती, सायकलिंग करत असेल आणि पंचविशीत दुखापतीने थांबली असेल, तर तिला पुढे काय झेपेल याचा हिशोब पदकांवरून करू नका. ती कशाला घाबरत नाही ते आधी विचारा. माझं बोलून झालं. आता तुमचे प्रश्न येऊ द्या.