घरासाठी ड्रिल: वायरचं की बॅटरीचं?

मंडळी, मुंबईच्या लोहार चाळीत किंवा नागदेवी स्ट्रीटवर ड्रिल घ्यायला गेलेला माणूस आधी विचारतो, "वायरचं घेऊ की बॅटरीचं?" माझ्या मते हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न, तुमच्या घराची भिंत कशाची आहे?

मुंबईत हा प्रश्न फार महत्त्वाचा, कारण एकाच रस्त्यावर तऱ्हेतऱ्हेच्या भिंती आहेत. जुन्या सोसायट्यांत आरसीसीचे, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटचे, कॉलम-बीम आणि मधे विटा. नंतरच्या इमारतींत विटांऐवजी हलके, सच्छिद्र एएसी ब्लॉक. आणि अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या नव्या टॉवरमध्ये तर आतल्या भिंतीही सबंध काँक्रीटच्या. ठोकून पाहण्यापेक्षा खात्रीची परीक्षा म्हणजे भोकातून पडणारी भुकटी. पहिला अर्धा इंच प्लास्टरचा, तो सोडून द्या. पुढे लाल भुकटी आली तर वीट. पांढुरकी, आणि बिट, म्हणजे ड्रिलची भोक पाडणारी काडी, लोण्यात शिरावं तसं आत जात असेल तर एएसी ब्लॉक. राखाडी, बारीक, आणि बिट जागचं हलत नसेल तर काँक्रीट.

आता मशीनच्या आत काय चालतं ते पाहू. साध्या इम्पॅक्ट ड्रिलमध्ये दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासत फिरतात, म्हणून बिटला बारीक बारीक ठोके बसतात. ठोक्याचा जोर तुम्ही मागून किती दाबता त्यावर. विटेला हे पुरतं. काँक्रीटमध्ये एखादं ६ मिलिमीटरचं भोक पडेलही, पण दहा भोकं पाडायची तर हात भरून येतात आणि बिटचं टोक निळं पडतं. रोटरी हॅमरची रचना निराळी. त्यात पिस्टन हवा दाबतो आणि त्या हवेचा दणका बिटला बसतो. तुम्ही फक्त मशीन सरळ धरायचं. त्याला खोबणीचं एसडीएस बिट लागतं, साधं गोल दांड्याचं बिट त्यात बसत नाही. काँक्रीटच्या घरात राहणाऱ्यांनी एक तर हेच घ्यावं, नाहीतर गरज पडेल तेव्हा एका दिवसापुरतं भाड्याने आणावं.

विटांच्या घरात मात्र निवड खरोखर वायर की बॅटरी अशी उरते. माझं मत स्पष्ट आहे. वर्षातून चार वेळा पडद्याचा रॉड, फ्रेम, शेल्फ एवढंच काम असेल तर वायरचं, ५५० ते ६५० वॉटचं, १३ मिलिमीटर चकचं (चक म्हणजे बिट पकडणारा पुढचा भाग) इम्पॅक्ट ड्रिल घ्या. ते तीन अँपियरच्या आतच वीज ओढतं, घरातल्या ६ अँपियरच्या सॉकेटवर चालतं. आठ महिने माळ्यावर पडून राहिलं तरी बटण दाबताच फिरतं. बॅटरीचं तसं नाही. लिथियम बॅटरी रिकामी करून ठेवून दिली तर ती हळूहळू आणखी उतरते, एका मर्यादेखाली गेली की चार्जर तिला घेतच नाही. आणि बॅटरीची किंमत मशीनच्या किमतीच्या मानाने बरीच असते. ती निम्मी भरून, गॅसच्या ओट्यापासून आणि उन्हापासून दूर ठेवावी, दोन-तीन महिन्यांनी तपासावी. हे जमणार असेल तरच बॅटरीचा विचार करा.

बॅटरीचं ड्रिल खरं शोभतं ते स्क्रूच्या कामात. त्याला क्लच असतो, ठरावीक जोर आला की तो कटकट करत सुटतो. त्यामुळे स्क्रू प्लायवूडमध्ये गडप होत नाही, डोक्याची खाच झिजत नाही. पहिल्या गिअरला ते मिनिटाला ४००-५०० फेऱ्याच घेतं. वायरचं ड्रिल साधारण २८०० फेऱ्यांचं असतं, त्यावर स्क्रू आवळायला गेलात की बिघडलंच. कपाटांची जोडणी, बिजागऱ्या, बाल्कनीतलं काम जिथे ओली फरशी आणि वायर एकत्र नको, तिथे बॅटरी. खोक्यावरच्या १८ आणि २० मॅक्स व्होल्टच्या आकड्यांनी गोंधळू नका. दोन्हींच्या आत पाच सेल तेच, २० हा नुकत्याच चार्ज केलेल्या बॅटरीचा आकडा.

भोक पाडताना ६ मिलिमीटरच्या गिट्टीला, म्हणजे भोकात बसून स्क्रू धरणाऱ्या प्लास्टिकच्या नळीला, ६चंच बिट. भोक गिट्टीपेक्षा १० मिलिमीटर जास्त खोल हवं, म्हणजे भुकटीला जागा राहते. बिटवर तेवढ्या मापावर चिकटपट्टी गुंडाळा. मग फुंकून किंवा हवा मारून भुकटी काढा. ती राहिली की गिट्टी अर्ध्यावर अडते, हातोडीने ठोकली की चेपते, आणि लोक ड्रिलला दोष देतात. एएसी ब्लॉकमध्ये ठोक्याचं बटण बंदच ठेवा, नाहीतर भोक फुगतं आणि गिट्टी फिरत राहते. टाइलवरही तेच: आधी ठोक्याशिवाय, टाइलच्या बिटने, हळू वेगाने. टाइल पार झाल्यावर बिट बदला. बिट अचानक थांबून ठिणगी उडाली तर आत सळई आहे. जोर लावू नका, इंचभर बाजूला सरका. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली किंवा आडव्या रेषेत भोक पाडू नका, वायरचा पाइप बहुधा तिथूनच जातो. शंका असेल तर त्या खोलीचा एमसीबी, म्हणजे मेन बोर्डावरचा वीज तोडणारा स्विच, पाडा. म्हणजे वायरच्या ड्रिलला वीज दुसऱ्या खोलीतून आणावी लागेल, पण आणाच.

आपल्या दमट हवेत चक गंजतं. पावसाळ्याआधी त्याच्या जबड्यांवर शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडून पुसून घ्या.

झोपाळ्याच्या कड्यांबद्दल नेहमी विचारणा होते. छताला लोंबकळणाऱ्या वजनासाठी प्लास्टिकची गिट्टी कधीच नको, मशीन कितीही चांगलं असो. तिथे स्लॅबमध्ये रोटरी हॅमरने पाडलेलं भोक आणि लोखंडी अँकर लागतो, तोही जाणकाराकडून. आणि जुन्या इमारतीच्या स्लॅबला पोपडे सुटले असतील किंवा गंजाचे डाग दिसत असतील, तर तिथे भोक पाडूच नका.