पोळ्याच्या रांगेतला पाचवा बैल

(दृश्य : यवतमाळ जिल्ह्यातलं एक खेडं. ओट्यावर चौकटीची वही, पेन्सिल, खोडरबर.)

वहीच्या पानावर आडव्या १० आणि उभ्या ८ चौकटी आखल्या आहेत. एका चौकटीत विहीर, दोन चौकटींत बैलबंडी. डावीकडून पांधण, म्हणजे शेतवाट, आत येते, वरून बाहेर पडते. बाकी सगळी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. हा गेमचा एक पडदा. गावातली पोरं पोळ्याच्या दिवशीचा साहसखेळ बनवताहेत, आणि माप घेतलंय १९९३ साली जपानमध्ये आलेल्या 'द लेजंड ऑफ झेल्डा : लिंक्स अवेकनिंग' या गेमवरून.

(दृश्य : जुना गेम बॉय, जवळून.)

त्या गेमची सुरुवात ड्यूटी संपल्यावरची. निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीचे प्रोग्रामर काझुआकी मोरिता यांनी गेम बॉय या हातात धरून खेळायच्या यंत्रावर कंपनीच्या झेल्डा मालिकेसारखं काही चालतं का, ते करून पाहायला घेतलं. कामाचे तास आटोपले की आणखी काहीजण येऊन बसत, शाळा सुटल्यावर पोरं जमतात तसे. मग तिथलेच ताकाशी तेझुका यांनी रीतसर परवानगी घेतली. आधी टीव्हीवरचाच झेल्डा गेम छोट्या पडद्यावर उतरवायचा होता, पण होता होता वेगळाच गेम तयार झाला.

सुरुवातीची मोकळीक गेममध्ये शेवटपर्यंत टिकली. राजकन्या झेल्डा आणि तिचं राज्य बाजूला राहिलं. नायक लिंक वादळात सापडून कोहोलिंट बेटाला लागतो. तिथं मारिओ या निन्टेन्डोच्याच दुसऱ्या गेममधले गूम्बा नावाचे शत्रू हिंडतात. मारिओच्या अंगावर धावून येणारा, साखळीला बांधलेला दातांचा गोळा चेन चॉम्प इथं एका बाईनं पाळलाय. त्याला फिरायला न्यायचं, वाटेतले शत्रू तोच गिळतो. योशीची (मारिओच्या डायनोसॉरची) बाहुली देऊन रिबन घ्यायची, रिबन देऊन कुत्र्याचं खाणं, ते देऊन केळी. झेल्डा मालिकेत अशी अदलाबदलीची साखळी याच गेमपासून आली. आमच्या मते गेमचा खरा जीव तिच्यातच आहे, कारण प्रत्येक वस्तूसाठी कुणाच्या तरी दारात जावं लागतं आणि बेट ओळखीचं होत जातं. पोरांनीही तेच उचललंय : तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी मिळवायचा तर आधी घुंगरू, मग वेसण, मग झूल.

(दृश्य : वहीतल्या चौकटींवर फिरणारं बोट.)

आता हिशेब. गेम बॉयचा पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा (पिक्सेलचा), छटा चारच. 'लिंक्स अवेकनिंग'मध्ये खालची १६ ठिपक्यांची पट्टी हृदयं, पैसे आणि हातातल्या वस्तूंसाठी राखलेली. उरल्या जागेत १६ ठिपक्यांच्या चौकटी १० बाय ८ बसतात. जमिनीवरचा नकाशा १६ बाय १६, म्हणजे २५६ पडद्यांचा. पडद्याचा क्रमांक एका बाइटमध्ये, म्हणजे ० ते २५५ आकडे धरणाऱ्या जागेत, मावतो. अख्खा गेम ५१२ किलोबाइटचा.

एका पडद्यावरून दुसऱ्यावर जाणं ही मात्र नाजूक जागा. पहिल्या आवृत्तीत पडदा सरकायला लागतानाच नेमकं 'सिलेक्ट' बटण दाबलं, तर लिंक नव्या पडद्याच्या पलीकडच्या कडेला पोचतो, मधला अडसर ओलांडून. १९९८ च्या रंगीत आवृत्तीत ते दुरुस्त झालं. म्हणून आपल्या गेमचीही प्रत्येक कड सगळी बटणं दाबून तपासायची.

(दृश्य : संगणकावर जीबी स्टुडिओ.)

पोरं वापरतात ते जीबी स्टुडिओ, म्हणजे गेम बॉयचे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, फुकट मिळतं. पडदा भरायला ८ बाय ८ ठिपक्यांच्या ३६० टाईल, म्हणजे चित्राचे चौकोनी तुकडे, लागतात, पण एका दृश्यात वेगवेगळ्या १९२ च चालतात. म्हणून पऱ्हाटीचं एकच झाड, चार टाईलचं, शेतभर पुन्हा पुन्हा लावायचं. ते तीन ठिपके जरी सरकलं तरी संगणक त्याला नवं चित्र समजतो आणि टाईल भराभर संपतात. सगळं आठाच्या रेषेवरच बसवा.

मराठी संवादांना जास्त वेळ लागतो. तिथल्या साध्या फॉण्टमध्ये एका अक्षराला एक टाईल. वेलांटी, रफार, जोडाक्षर एकमेकांना जुळत नाहीत, आणि आठ ठिपक्यांच्या उंचीत 'र्कु' मावतही नाही. उपाय एकच, वाक्य चित्र म्हणून काढायचं. ओळीची उंची १६ ठिपके : वर मात्रेला ४, शिरोरेषेला १, अक्षराला ७, उकाराला ३, खाली १ रिकामा. पूर्ण रुंदीच्या दोन ओळींना ८० पर्यंत टाईल लागतात, म्हणून संवाद दोन ओळींतच संपवा.

(दृश्य : तोरण, त्याखाली बैलांची रांग.)

आणि हा पोळा. गेम बॉय एका आडव्या रेषेवर १० च स्प्राईट, म्हणजे मागच्या चित्रावर हलणारी छोटी चित्रं, दाखवतो. १६ ठिपके रुंद बैल म्हणजे ८ ठिपक्यांचे दोन स्प्राईट, तेव्हा एका रेषेत पाचच पात्रं. नायक पोरगं आणि चार बैल दिसतात. पाचवा बैल आला की कुणीतरी एक गायब. बैल तोरणाखाली उभे आहेत तोवर त्यांना मागच्या चित्रातच रंगवून टाकायचं, म्हणजे ही मोजणी लागू होत नाही. पोळा फुटल्यावर मात्र त्यांना पळावं लागतं. तेव्हा चार-चारच्या दोन रांगा, एक दुसरीच्या बरोबर १६ ठिपके खाली, आणि पळताना कुठल्याही बैलानं आपली रांग सोडायची नाही. मग पोरगं दोन रांगांच्या मधून धावलं तरी आठही बैल दिसतात.