चुन्याचा ठिपका

(दृश्य: सकाळचं कोवळं ऊन. दिंडोरी तालुक्यातली चढावरची द्राक्षबाग. विहिरीच्या कडेला एक फरशी, तिच्यावर चुन्याचा ठिपका.)

छाटणीला आज एकेचाळीस दिवस झाले. ऑक्टोबर छाटणी झाली की नाशिककडच्या बागायतदाराला तारीख विचारायची नसते, छाटणीचा दिवस विचारायचा. पोंगा, म्हणजे नवा कोंब, कधी फुटला, घड कधी दिसले, फवारणी कधी घेतली, सगळं त्यावरच मोजतात. मामांची ही बाग आम्ही पहिल्या दिवसापासून दर दहा दिवसांनी ड्रोननं वरून टिपतोय. आजची पाचवी खेप.

प्रत्येक वेळी वाट तीच, उंची तीच, कॅमेऱ्याचा कलही तोच. तेव्हाच पाचही खेपांची चित्रं शेजारीशेजारी ठेवता येतात आणि कुठली ओळ फुटायला मागे राहिली ते दिसतं. हातानं उडवून हे जमत नाही, कितीही सराव असला तरी. म्हणून वेपॉइंट मिशन. नकाशावर बिंदू मांडायचे. प्रत्येक बिंदूवर किती उंच, किती वेगानं, तोंड कुठे, कॅमेरा किती खाली, हे ठरवून द्यायचं. पुढे ड्रोन आपला आपण जातो.

(दृश्य: मोबाइलवर हिरवा, पिवळा, लाल रंगवलेला नकाशा.)

त्याआधी मात्र डिजिटल स्कायचा, म्हणजे सरकारच्या ड्रोनसाठीच्या संकेतस्थळावरचा, नकाशा. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत उडवायला परवानगी लागत नाही, पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची लागते आणि लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय पाऊलही टाकायचं नाही. नाशिककरांनी हे मनावर घ्यायलाच हवं. ओझरचा विमानतळ, देवळालीचं तोफखाना केंद्र, गांधीनगरचा लष्करी हवाई तळ, नाशिकरोडचा नोटांचा छापखाना, सगळं आपल्या शहराच्या अवतीभवती. गोदाघाटावर उभं राहून 'पाचच मिनिटं उडवतो' म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. नकाशातले रंग बदलूही शकतात, म्हणून प्रत्येक खेपेला सकाळी पुन्हा बघतो.

(दृश्य: खालच्या बांधावरून वर पाहताना बाग, माथ्यावर सिल्व्हर ओकची रांग.)

आता उंचीचं. पहिल्या खेपेला सगळ्या बिंदूंना मी २० मीटर उंची दिली होती. विहिरीपाशी ड्रोन उठला, पहिल्या ओळीवरून झकास गेला, दुसरीवरून गेला. वरच्या बांधाकडे वळला तेव्हा पडद्यावर पानं मोठी मोठी व्हायला लागली. मामा ओरडले, "अरे, झाडात चालला तो!" मी थांबवण्याचं बटण दाबलं. सिल्व्हर ओकचा शेंडा हातभर पुढे डुलत होता.

चूक माझी होती. ते २० मीटर जमिनीपासून नसतात, जिथून ड्रोन उठला त्या जागेपासून असतात. जमीन चढत गेली तरी ड्रोन त्याच पातळीवर सरळ जातो.

मग आम्ही चढ मोजला, तोही ड्रोननंच. विहिरीपाशी उठवला, हातानं उडवत वर नेला आणि बांधावरच्या मोकळ्या जागेत अगदी जमिनीलगत आणला. पडद्यावर उंची १२ मीटर! म्हणजे माझे २० मीटर तिथे जेमतेम ८ उरत होते, आणि झाडं १० मीटरची. त्या दिवशी चढाचे चार टप्पे पाडून चारही टप्प्यांच्या उंच्या नव्यानं भरल्या: २०, २४, २८, ३२. आता पानांपासूनचं अंतर सगळीकडे जवळपास सारखं.

आणि म्हणूनच तो चुन्याचा ठिपका. उंची फरशीपासून मोजली जाते, तर दर खेपेला ड्रोन त्याच फरशीवरून उठायला हवा. चार पावलं वरच्या अंगाला ठेवला तर सगळं मिशन तेवढं वर सरकतं. ठिपका मामांनी लावला, पानाच्या डब्यातल्या चुन्यानं.

(दृश्य: मामा मान वर करून आकाशाकडे बघतायत.)

वळणाचंही एक बघा. गोलाई ठेवली तर ड्रोन बिंदूला न शिवता आतून वळतो. चित्रीकरणाला ते छान दिसतं, पण झाडाला वळसा घालायचा असेल तर बिंदू अजून बाहेर टाकावा लागतो. सिग्नल तुटला तर मिशन पुढे चालू ठेवायचं की परत यायचं, हेही आधीच सांगायचं. मी 'परत ये' ठेवतो, तेही ५० मीटरवरून, म्हणजे वाटेत कुठलंच झाड येत नाही. वारा असेल तर जाताना वाऱ्याच्या तोंडावर, येताना वाऱ्यासोबत. बॅटरी थकलेली असताना वाऱ्याशी झुंज नको.

नजर मात्र ड्रोनवरच. बागेवर घारी घिरट्या घालतात, आणि ड्रोनला घार कळत नाही. ते काम मामांचं.

"घार नाही. सोड."

मी फरशीवरची धूळ हातानं झटकतो. ठिपका फिका झालाय, पण दिसतोय. ड्रोन बरोबर त्याच्यावर ठेवतो.